श्वासाचा खोडवा

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊसतोडीची टोळी जमवताना मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे छाटून मोळ्या बांधते, गाडी आली की दोघं मिळून भरतात. त्यातलं एक पडलं की कोयता मोडला. बावीस वर्षं मी आमच्या कोयत्याची अर्धी बाजू आहे. या जानेवारीत मीच पडले.

माझं नाव छाया. गाव शिरूर कासारकडचं. नवऱ्याचं नाव भागवत, पण आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात, मीपण तेच म्हणते. मालकी कशाची, ते देव जाणे! लेक मनीषा बारावीला आहे, गावी आजीपाशी राहून शिकते. हे सगळं मी बोलत गेले आणि तिनं लिहून घेतलं. माझे ‘हाय’ काढून तिनं ‘आहे’ केलेत, ते करू दिलं. शिव्या मात्र राहू दे म्हणाले.

लिहायचं कारण एकच. मी दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर असताना बाहेरच्या बाकड्यावरची माणसं मालकांना दोन गोष्टी सांगायची. कुणी म्हणायचं, मशीनवर घेतलं म्हंजी खेळ खलास. कुणी म्हणायचं, बरं झालं, आता मशीन श्वास घेतंय, बाईला आरामच आराम. पहिली गोष्ट खोटी निघाली, ती मी जिवंत आहे म्हणजे दिसतंच. दुसरीनं मला जवळजवळ मारलं होतं.

ताप

यंदा आम्ही लांब गेलो नाही. अंबाजोगाईच्या बाजूलाच तोडायला उसाचा फड मिळाला होता. थंडी अशी की पहाटे पानावरचं दव बर्फासारखं लागायचं, आणि दोन सऱ्या झाल्या की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. संक्रांतीच्या आसपास मला ताप भरला. सांगितलं नाही. ताप आला म्हणून फडात बसलेली बाई मी तरी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी खोकल्यात तांबूस आलं. मालकांनी बघितलं.

“बसतीस का जरा?” ते म्हणाले.

“मी बसले तर गाडी तुमचा बाप भरंल का?”

ते परत तोडायला वाकले. आमच्यात असंच असतं, मी तडकते आणि ते गप्प होतात. दुपारी गाडी आली. मोळी डोक्यावर घेऊन मी फळीवरून वर चढले, एकदा नव्हे, गाडी भरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक वाक्य पुरं बोलता येईना. मला! जिचं तोंड बंद व्हावं म्हणून सासूनं नवस बोलायचा बाकी ठेवला होता, तिला!

अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या, आवाज हळू. छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, “दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे. बराच पसरलाय.” नाकाला ऑक्सिजन लावला, मग तोंडावर मोठा मास्क. उन्हं कलायच्या आत त्या परत आल्या. माझ्याकडे आणि मालकांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, “ताई दमल्यात. मशीनवर घ्यावं लागेल. झोपेचं औषध देऊन घशात नळी घालू.”

मालकांनी सही केली. मी हातानं खूण केली, मनीषाला कळवू नका. त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन पहिला फोन तिलाच केला. सुई टोचली. पुढचे सहा दिवस माझ्या जन्मातून गेले, मला त्यातलं काही माहीत नाही.

जाग

जाग आली तेव्हा तोंडात नळी, हात पट्टीनं खाटेला बांधलेले. ओरडायला गेले तर मी गप्प आणि मशीन ओरडलं.

“छायाताई, घाबरू नका,” लांडगे सिस्टर वाकून म्हणाल्या. “नळीमुळं आवाज येत नाही. हात बांधलेत ते तुम्ही झोपेत नळी ओढू नये म्हणून. समजलं तर डोळे मिटा.”

मिटले. दुसरं करणार काय!

नळीतला बेडका ओढून काढतात, त्याला सक्शन म्हणतात. ते सुरू झालं की काळीज ओढून नेतात असं वाटायचं. तहान तर अशी की कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाकडे मी तासन् तास बघत राहायची. सिस्टर ओला कापूस ओठांवर फिरवायच्या. एका सकाळी त्यांनी माझी वेणी सोडून विंचरली. केसांतून पाचटाचा एक तुकडा निघाला, फडातला, इतके दिवस अडकून बसलेला. तो त्यांनी मला दाखवला आणि आम्ही दोघी हसलो, म्हणजे त्या हसल्या आणि माझे डोळे भरले.

आणि मशीन. ते हवा आत ढकलायचं, मला न विचारता छाती वर यायची. पहिल्या दिवशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी खरं सांगते, सुख वाटलं. माझ्या वाटणीचं काम दुसरं कुणी करतंय असं मला जन्मात कधी झालं नव्हतं.

हात वर

भेटायची वेळ दहा ते अकरा. मालक अंधारात फडावर जायचे, दहाला दवाखान्यात, बाराला परत फड. पायाला चिखल तसाच.

ताप उतरला, फोटो सुधारला, झोपेचं उरलेलं औषधही बंद झालं. मग सिस्टर म्हणाल्या, आता रोज सकाळी थोडा वेळ मशीनचा पाइप काढून बघायचा. नळी तोंडात राहील, ऑक्सिजन मिळेल, पण श्वास माझा मी ओढायचा.

पाइप काढला. मी श्वास ओढला आणि तो आलाच नाही. म्हणजे आला, पण पोह्याच्या चमच्याएवढा. दुसरा त्याहून लहान. छाती वर जायची तेव्हा पोट फुगायच्या ऐवजी आत जायचं. मानेच्या शिरा ताणल्या, घाम सुटला. मालक पायाशी उभे होते, पांढरेफटक पडले.

फडात आमच्या दोघांची एक खूण आहे. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून कुणाला काही झालं, काटा घुसला, साप दिसला, तर हात सरळ वर करायचा. दुसऱ्यानं कोयता खाली टाकून यायचं. बावीस वर्षांत ती खूण मालकांनी एकदाही चुकवलेली नाही.

भेटीच्या वेळी हात सोडलेले असायचे. मी हात वर केला.

“थांबवा!” मालक ओरडले. “थांबवा वं सिस्टर, तिचा जीव चाललाय!”

पाइप परत लागला. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाइप काढायच्या आधीच माझं काळीज धडधडायला लागलं, तो निघताच मी हात वर केला, आणि मालकांनी असा गोंधळ घातला की शेजारच्या खाटेवरचं मशीनही वाजायला लागलं. माझे ठोके वाढले म्हणून परत जोडावं लागलं. तिसऱ्या दिवशी ते आले ते माझ्या कानाशी वाकले.

“भेऊ नको. जरा बी तकलीफ झाली की हात वर कर. मी हाय न्हवं? कुनाला जबरदस्ती करू देनार न्हाई.”

किती गोड माणूस, असं वाटलं. पाइप काढला, दोन श्वास घेतले आणि हात वर केला. सिस्टरनं पाइप परत जोडला. मालकांनी माझं कपाळ पुसलं.

टोळी

त्याच दिवशी मॅडम सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आल्या. मालकांना म्हणाल्या, “भाऊ, इकडं या. तुम्हाला काही दाखवायचंय.”

माझ्या बरगडीखाली थंडगार जेल लावलं. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये काळपट पट्टा.

“हा छाती आणि पोटाच्या मधला स्नायू. श्वास ओढायचं खरं काम याचं. आल्या दिवशी बघितला तेव्हा चांगला जाड होता. आता बघा, पापडासारखा झालाय. फुप्फुसं सुधारली, अडलंय ते इथं.”

“पर मॅडम, मशीननं तर त्याला आराम दिला,” मालक म्हणाले. “आरामानं कुनी वाळतं का?”

“हात प्लास्टरमध्ये ठेवला तर?”

“बारीक व्हतो. पर त्याला महिना लागतो.”

“हाताला थांबायची सवय आहे, रोज झोपेत थांबतो. हा स्नायू यांच्या जन्मापासून एकदाही थांबला नव्हता. त्याला थांबणं सोसत नाही. मशीन सगळा श्वास घ्यायला लागलं की काही तासांतच आत पडझड सुरू होते.”

“पडझड म्हंजी? कावून व्हती?”

मॅडम स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता इंग्रजी झाडतील, पण नाही. म्हणाल्या, “स्नायूच्या आत बारीक धाग्यांच्या जुड्या असतात. त्या आखडल्या की श्वास आत येतो. प्रत्येक पेशीत बारक्या चुली असतात, त्यांच्या जोरावर हे चालतं. काम थांबलं तरी चुलीत जळण येतच राहतं, पण खपत नाही. मग धूर कोंडतो. त्या धुरानं धागे करपतात, आणि पेशीतलीच कापणारी द्रव्यं जागी होतात. ती जुड्यांचे बंध तोडतात. सुट्या झालेल्या धाग्याला खुणेची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागली की तो पेशीतल्या चरकात जातो आणि त्याचा चुरा होतो. नवे धागे बनवायचं काम तोवर मंदावलेलं असतं.”

मालक पडद्याकडे बघत राहिले. “म्हंजी टोळीच घुसली म्हना की. तोडायचं, खूण करायची, कारखान्याला धाडायचं.”

“तसंच.”

“मुकादम कोन मग?”

“आराम,” मॅडम म्हणाल्या.

मालक भिंतीला टेकले. मग विचारलं, “मशीनच वाईट म्हना की.”

“मशीन नसतं तर त्या पहिल्याच दिवशी गेल्या असत्या. आणि सगळा दोष त्याचा नाही. ताप, उपास, औषधं, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं. पण आता गरजेपेक्षा जास्त आधार दिला तर तो नुकसानच करणार.”

“मुळं शाबूत हायत का?”

“मुळं?”

“ऊस तोडला तरी बुडखा जिमिनीत ऱ्हातो. पानी दिलं की पुन्ना फुटतो. आमी खोडवा म्हनतो त्याला.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. “मुळं शाबूत आहेत. पाणी म्हणजे काम. रोज थोडं, दमेपर्यंत. मग विश्रांती, मग परत थोडं.”

“आन् न्हाई जमलं तर?”

“तर घशाला छिद्र पाडून नळी घालावी लागेल आणि मुक्काम लांबेल. किती, ते आज नाही सांगता येणार.”

हे सगळं माझ्या उशाशी चाललेलं. मी मुकी, पण बहिरी थोडीच होते! संताप संताप झाला. मालकांचा आला, मशीनचा आला आणि सगळ्यात जास्त माझाच आला. तीन दिवस हात वर करकरून मीच त्या टोळीला माझा फड दाखवला होता.

मनीषाचे हात

दुसऱ्या दिवशी मालकांबरोबर मनीषा आली. हसत होती, पण हात ओढणीखाली. मी तिचा हात ओढून घेतला. तळव्याला फोड, मनगटावर उसाच्या पानांचे चरे.

मालकांनी खाली बघितलं. “मुकादम म्हनला, अर्धा कोयता चालत न्हाई. मी न्हाईच म्हनलो व्हतो. हीच आली.”

बारावीची परीक्षा तोंडावर आणि पोरगी माझ्या जागेवर मोळ्या बांधतेय! सिस्टरनं दिलेल्या वहीवर मी वाकडंतिकडं लिहिलं, ‘गावी जा’.

मनीषानं वाचलं आणि वही मिटली. “तू आधी ऊठ. तू मशीनवरून उठलीस की त्या दिवशी जाते. तोवर मला सांगू नको.”

हट्टी. कुणावर गेली ते विचारू नका.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. सिस्टर खाटेची पाठ उभी करायच्या, पाइप काढायच्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी सात, आणि त्या सातनंतर मी लई रडले. चौथ्या दिवशी पंधरा. पोट पुन्हा बाहेर यायला लागलं, हे सिस्टरनं माझाच हात माझ्या पोटावर ठेवून मला दाखवलं.

अर्धा तास

पाचव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “आज अर्धा तास. जमला तर नळी काढायची.”

समोर भिंतीवर घड्याळ. पाइप निघाला तेव्हा दहा वाजून पाच. मनीषा दाराबाहेर काचेला नाक लावून उभी. मालक खाटेपाशी.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग प्रत्येक श्वासाला आधी ठरवावं लागायला लागलं, ओढायचा का नाही. घाम कानामागं उतरला. सव्वादहाच्या पुढं काटा हलतच नव्हता. दहा तेवीसला माझ्या डोळ्यापुढं काळं आलं. आता पुरे, घशाला छिद्र पाडा नाहीतर काय वाट्टेल ते करा, पण तो पाइप लावा. मी हात वर केला.

सिस्टरनं आकडे बघितले. “ऑक्सिजन ठीक आहे, ठोकेही ठीक आहेत ताई. तुम्ही दमलात आणि भ्यालात. सांगा, लावू का?”

मालकांनी माझा वर केलेला हात धरला. मला वाटलं, आता ओरडतील, थांबवा म्हणून. त्यांनी हात खाली आणला, चादरीवर ठेवला आणि वर आपला पंजा ठेवला.

“न्हाई,” ते म्हणाले. “ओढ.”

मी असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता.

“आता काय शिव्या द्यायच्यात त्या नळी निघाल्यावर दे. समद्या ऐकतो. आता ओढ. अजून एक. झालंच.”

गाडी भरताना शेवटच्या मोळ्यांना ते असंच म्हणतात. अजून एक, झालंच, अजून एक, झालंच. ते ‘झालंच’ खोटं असतं, हे मी बावीस वर्षं जाणते. त्यानंतर नेहमी वीस-पंचवीस मोळ्या निघतात.

मला हात सोडवून घेता आला असता. त्यांनी काही जोर लावला नव्हता. डावा हात तर मोकळाच होता. मी कोणताच उचलला नाही. काचेकडे बघितलं आणि ओढला.

“अजून एक. झालंच.”

ओढला.

“अजून एक.”

दहा पस्तीसला मॅडम आत आल्या, माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि हातमोजे मागवले. “ताई, जोरात खोका.” खोकले. घशातून हातभर काटेरी झुडूप ओढल्यासारखं झालं आणि नळी बाहेर होती. बाहेर मनीषा काचेवर दोन्ही तळवे टेकून रडत होती, फोडांसकट.

“बोला काहीतरी,” मॅडम म्हणाल्या.

मी मालकांकडे बघितलं. आवाज फाटका, गंजलेला, पण माझा.

“लबाड,” मी म्हणाले.

आता

मनीषा त्याच संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली. परीक्षा दिली. निकाल यायचाय. आमचा कोयता त्या हंगामात मोडला तो मोडलाच.

घरी आले तेव्हा उंबरठा चढले तरी धाप लागायची. कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, नळी निघाली म्हणजे संपलं नाही. भाकरी थापताना मध्येच बसावं लागतं. माणसं म्हणतात, आता काय, बरी झाली की! त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, आतला पट्टा त्यांना दिसत नाही. दवाखान्यानं प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं खेळणं दिलंय, त्याची नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर जातात. पहिल्या महिन्यात एक जायची. आता दोन जातात. तिसरी नुसती हलते.

आणि घरातलं माणूस मशीनवर असेल तर डॉक्टरांना रोज एक विचारा, आज यांच्याकडून किती काम करून घ्यायचं? माझ्यासारखं कुणाला सुख वाटत असेल तर त्याला दोष देऊ नका, पण त्या सुखावर सोडूही नका.

मालकांना मी परवा विचारलं. दुपारी ओट्यावर बसलो होतो, गोळ्यांचं खेळणं मध्ये ठेवलेलं.

“त्या दिवशी मी हात वर केला तवा थांबवलं न्हाई. मग आधी तीन दिस कावून थांबवत व्हते?”

ते तळव्याचे घट्टे खरवडायला लागले.

“फडात तू तापानं फनफनत मोळ्या वाहत व्हतीस,” ते म्हणाले. “तवा तू हात वर केला न्हाईस, आन् मला दिसत असून मी थांबवलं न्हाई. थांबवायचं तवा थांबवलं न्हाई, म्हनून नको तवा थांबवत बसलो.”

मला रडू आलं, आणि रडताना धाप लागते म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. धाप बसल्यावर खेळणं उचलून माझ्या हातात दिलं.

“ओढ. अजून एक. झालंच.”

झालेलं नाही, हे मला माहीत होतं. मी ओढला.